ओमाहाच्या वाळूवरचा हिशोब

‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ पाहिल्यापासून नॉर्मंडीला जायचं मनात होतं. मुक्काम बायूला केला. खोली ओलसर, खिडकी नीट लागेना, रात्रभर गार वारा. गावातलं जगप्रसिद्ध भरतकाम अर्ध्या तासात उरकलं. जीव अडकला होता ओमाहा किनाऱ्यात, जिथे 6 जून 1944 ला, म्हणजे डी-डेला, अमेरिकन सैन्य उतरलं.

कोलव्हिलच्या अमेरिकन लष्करी दफनभूमीत शिरताच वाटाड्याने सांगून टाकलं, “हे नऊ हजार त्या एका सकाळी गेले.” मला राहवेना. पांढऱ्या संगमरवरी क्रुसांवर नाव, तुकडी, राज्य आणि मृत्यूची तारीख कोरलेली असते. ओळीने वाचत सुटलो. 6 जून 1944, मग जुलै, पुन्हा जुलै, ऑगस्ट. इथल्या सुमारे 9,400 कबरी साऱ्या नॉर्मंडी मोहिमेच्या आहेत. तेवढ्यात एका कर्मचाऱ्याने ओमाहाची ओली वाळू क्रुसावरच्या अक्षरांत चोळली आणि एक नाव ठसठशीत उमटलं. समोर त्या घरचे लोक उभे होते. पुढचे सगळे थांबे मी तिथेच रद्द केले.

मग 6 जूनला ओमाहा किनाऱ्यावर हानी झाली तरी किती? गॉर्डन हॅरिसन यांच्या अमेरिकन लष्कराच्या 1951 च्या अधिकृत इतिहासात ती सुमारे 2,000 आहे, आणि तीही मृत, जखमी, बेपत्ता असे सगळे धरून. इतिहासकार जोसेफ बाल्कोस्की यांनी तुकड्यांची दप्तरं पिंजून ती 4,700 च्या आसपास नेली. मला बाल्कोस्की पटतात. पहिल्या लाटेत अधिकारीच पडले, तिथे हजेरीचा कागद कोण भरणार? बुडालेले बेपत्ता ठरले. काही ‘बेपत्ता’ दुसऱ्याच तुकडीत लढत होते.

सर्वांत भक्कम काम मात्र झालं व्हर्जिनियातल्या बेडफर्डला. या छोट्या गावची पोरं 116 व्या रेजिमेंटच्या ए कंपनीतून ओमाहावर उतरली आणि पहिल्या काही मिनिटांतच त्यांतली बरीच गेली. तिथल्या राष्ट्रीय डी-डे स्मारकासाठी कॅरल टकविलर यांनी वर्षानुवर्षं एकेक मृत शोधला. 6 जूनला दोस्त राष्ट्रांचे एकूण अडीच हजार मेले, असं तोवर सर्रास सांगितलं जाई. त्यांच्या नावनिशीवार यादीत 4,414 भरले. त्यांतले 2,501 अमेरिकन. फुगवलेला आकडा जितका खोटा, तितकाच हा आखडलेलाही. अडीच हजारांच्या हिशोबात जवळजवळ दोन हजार माणसं धरलीच नव्हती, याची मला चीड येते.

तुम्ही ओमाहाला गेलात, तर आकडा सांगणाऱ्याला एवढं जरूर विचारा: यात मेलेले किती, जखमी किती, कोणत्या दिवशीचे, आणि कुठल्या कागदावरून?