दुबईच्या खाडीकाठी एक दिवस

लंडनला मुलीकडे निघालेले सांगलीचे एक वयस्क दांपत्य डिसेंबरातील एका सकाळी दुबईस उतरले. पुढचे विमान मध्यरात्रीनंतरचे होते. 48 तासांचा ट्रान्झिट व्हिसा विमानकंपनीमार्फत आधीच काढलेला असल्याने बाहेर पडण्यास अडचण आली नाही. आयत्या वेळी पाहू म्हणणाऱ्यांना मात्र कधी कधी बाकावरच दिवस काढावा लागतो.

मेट्रोने दोघे अल रासला आले. गृहस्थ हळदीचे व्यापारी; सोन्याचा बाजार त्यांनी चालता चालता पाहिला आणि मसाल्याच्या बाजारात तासभर रमले. मग एका दिरहमात ‘अब्रा’ नावेतून खाडी ओलांडली. पैलतीरी अल फहिदीतील वारा खाली खेचणाऱ्या मनोऱ्यांची जुनी घरे आहेत. या बंदरात 1966 पर्यंत रुपया चाले. 1959 पासून तर रिझर्व्ह बँकेने आखातासाठी निराळ्या रंगाच्या नोटाच काढल्या होत्या.

बर दुबईतील शाकाहारी भोजनालयात ताटे मांडली गेली, तेव्हा बाईंच्या घड्याळात सहा वाजून गेले होते. गल्लीत सावली दाटलेली. सूर्यास्तानंतर अन्न न घेण्याचा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम. त्यांनी ताट मुकाट्याने सरकवले.

गृहस्थ उठून धक्क्यापर्यंत जाऊन आले. घड्याळ अजून सांगलीचेच होते. दुबई दीड तास मागे. पलीकडे देऱ्याच्या इमारतींवर स्वच्छ ऊन होते.

बाईंनी ताट पुन्हा पुढे ओढले.