जामीन नावाचा माणूस

'आरोपीला जामीन मिळाला' हे वाक्य आपण वर्तमानपत्रात इतक्या वेळा वाचतो की त्यातला जामीन ही एखादी मिळण्याची वस्तू आहे, असेच आपल्याला वाटते. जुन्या दप्तरी मराठीत जामीन हा माणूस होता. मूळ अरबी शब्दाचा अर्थच हमी घेणारा. हिंदीने हमीसाठी 'जमानत' आणि हमी घेणाऱ्यासाठी 'जामिन' असे दोन शब्द वेगळे ठेवले. मराठीत दोघेही एकाच शब्दात राहायला आले आणि पुढे माणूस निराळा दाखवायची वेळ आली तेव्हा आपण त्याला 'दार' जोडून जामीनदार केला. हमी घेणाऱ्याचा पुन्हा एकदा हमी घेणारा! 'जामीन राहणे' या क्रियापदात तेवढा तो जुना माणूस अजून उभा आहे.

हा शब्दांचा कीस मी हौसेने पाडत नाही. गेल्या वर्षी माझ्या आतेभावाला फसवणुकीच्या गुन्ह्यात अटक झाली. प्लॉटच्या नावाखाली त्याने बऱ्याच जणांकडून पैसे घेतले होते आणि प्लॉट कुणालाच मिळाले नव्हते. न्यायालयाने जामीन मंजूर केला: ५०,००० रुपयांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार. आदेश हातात पडून अकरा दिवस झाले तरी तो आतच होता, कारण वर्तमानपत्री अर्थाने जामीन मिळाला होता, पण जामीन राहणारा मिळत नव्हता. तेवढी रोख भरायची आत्याची ऐपत नव्हती. सख्ख्या मेव्हण्याने फोन उचलणे बंद केले होते. अकराव्या दिवशी आत्या आमच्याकडे आली. "अगं, तुझं पगारपत्रक चालतं म्हणे कोर्टात," एवढेच म्हणाली आणि चहा न घेता बसून राहिली.

अनुदानित महाविद्यालयातल्या प्राध्यापकाच्या पगारपत्रकाला विद्यापीठात काय किंमत आहे ते असो. कनिष्ठ न्यायालयात ती सातबाऱ्याच्या जवळपास असते.

आमच्या घरात या शब्दाला इतिहास आहे. १९९४ साली माझे वडील आत्याच्या यजमानांच्या ट्रॅक्टरच्या कर्जाला एका पतसंस्थेत जामीन राहिले होते. हप्ते थकले आणि वसुली वडिलांच्या शिक्षकी पगारातून सुरू झाली. ती सात वर्षे चालली. वडिलांनी बहिणीला त्याबद्दल एक शब्द विचारला नाही. आईने मात्र कपातीची प्रत्येक चिठ्ठी बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवली आहे. आत्या गेल्यावर नवऱ्याने त्या डब्याकडे नुसते पाहिले. त्याचे म्हणणे चूक होते असे मी म्हणणार नाही. आमची मुलगी बारावीला होती.

त्या रात्री मला जुन्या कागदपत्रांतले तीन शब्द उपयोगी पडले. पेशवाईच्या काळात नुसता जामीन नसे. पैशाची हमी घेणारा तो मालजामीन. बोलावल्या वेळी माणसाला हजर करण्याची हमी घेणारा तो हाजीरजामीन. आणि वर्तणुकीची हमी घेणारा फैलजामीन; आज पोलीस ज्याला चॅप्टर केस म्हणतात, तिथे चांगल्या वर्तनाचे बंधपत्र मागतात, ते याच वंशातले. मित्रासाठी रोखा लिहून देणारा शेक्सपिअरचा अँटोनियो पैशाच्या हमीत अडकला. पिथियस परत येईपर्यंत त्याच्या जागी स्वतःला ओलीस ठेवणारा डेमन हा हाजीरजामीन. आपण तिन्ही हम्या एका शब्दात कोंबल्या. त्यामुळे जामीन राहणे म्हणजे त्या माणसाची बाजू घेणे, त्याचे देणे अंगावर घेणे, त्याच्या सचोटीची ग्वाही देणे, असे सगळे एकदम छातीवर येऊन बसते.

वडील मालजामीन होते. मला विचारले जात होते ते हाजीरजामीन राहण्याबद्दल. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. पण जामीनदाराची जोखीम जशी होती तशीच राहिली. आरोपी तारखेला आला नाही, तर बंधपत्र जप्त होते आणि जामीनदाराला रक्कम का वसूल करू नये अशी नोटीस येते. ती दंडासारखी वसूल होते. न झाल्यास सहा महिन्यांपर्यंत दिवाणी कैदही होऊ शकते. उलट बाजूने, न्यायालय रकमेतला काही भाग माफ करू शकते आणि जामीनदाराला केव्हाही अर्ज करून आपली हमी काढून घेता येते. मग आरोपीला दुसरा जामीन शोधावा लागतो, नाही तर आत जावे लागते. बंधपत्र जप्त होण्याआधी जामीनदार मेला, तर त्याच्या मालमत्तेवर काही बोजा राहत नाही. हे वाचून नवरा पहिल्यांदा हसला.

न्या. कृष्ण अय्यर यांचा १९७८ चा मोतीराम खटल्यातला निकाल मी त्याच आठवड्यात पुन्हा वाचला. एका गवंड्याकडे दहा हजारांचा जामीनदार मागितला गेला, आणि त्याचा भाऊ उभा राहिला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तो नाकारला गेला. स्वातंत्र्य मंजूर होऊनही माणूस आत राहतो तो असा. ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, महिन्याभरात बंधपत्र सादर झाले नाही तर न्यायालय स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करू शकते. म्हणजे आणखी एकोणीस दिवस मी गप्प राहिले असते, तर कदाचित प्रश्न माझ्यापर्यंत न येताच सुटला असता. हा मोह चांगलाच बळकट होता. पण ते एकोणीस दिवस मी घरी काढणार होते आणि तो एका खच्चून भरलेल्या बराकीत.

तरीही खरी अडचण राहिलीच. तो येईल का? दोन वर्षे तो लोकांचे फोन चुकवत होता. स्वतःच्या वडिलांच्या दहाव्यालाही देणेकरी येतील या भीतीने उशिरा आला होता. तो पळून जाईल असे मला वाटत नव्हते. तोंड चुकवील असे वाटत होते, आणि न्यायालयाच्या दृष्टीने त्या दोन्हींत फरक नाही. दुसरीकडे, मुलगी दहावीला, शेताचा एकच तुकडा, आणि सत्तरी ओलांडलेली आई.

पैसे बुडालेल्यांमध्ये आमच्याच महाविद्यालयातून निवृत्त झालेले एक शिपाई होते. त्यांच्यापासून लपवून हे करणे मला जमणार नव्हते. मी त्यांच्या घरी गेले. त्यांनी सगळे ऐकले. रागाचे शब्द बोलले असते तर मला सोपे गेले असते. ते म्हणाले, "मॅडम, तारखेला तो येईल ना? तेवढं बघा. तो आला नाही तर खटलाच पुढं सरकत नाही."

आई म्हणाली, "तुझे वडील न विचारता राहिले होते. तू विचारून राहा." मी आत्याकडे दोनच अटी घातल्या: त्याचा रोजचा मुक्काम आईच्या घरी, आणि प्रत्येक तारखेच्या आदल्या संध्याकाळी त्याने स्वतः मला फोन करायचा. पैशाबद्दल मी काही बोलणार नाही, आणि तो निर्दोष आहे असे कुणाला सांगणारही नाही, हेही सांगितले. आत्याला हे शेवटचे लागले. ती म्हणाली, "घरच्या माणसानं असं बोलावं?" मी उत्तर दिले नाही.

न्यायालयात पगारपत्रक, रेशनकार्ड, घरपट्टीची पावती सगळे पाहून झाल्यावर एक प्रतिज्ञापत्र पुढे आले: याआधी किती जणांना जामीन राहिला आहात? भाडोत्री जामीनदार ओळखता यावेत म्हणून हा प्रश्न आहे. मी 'एकालाही नाही' असे लिहिले आणि सही केली.

आतापर्यंत पाच तारखा झाल्या. चार वेळा त्याचा फोन आला. एकदा आला नाही, तेव्हा रात्री साडेदहाला मी आत्याकडे फोन केला. तो झोपला होता. सकाळी आमच्या आधी न्यायालयाच्या व्हरांड्यात हजर होता. आमच्यात फारसे बोलणे होत नाही. पुढची तारीख १४ ला आहे. त्या दिवशी मला पर्यवेक्षण आहे, ते मी बदलून घेतले आहे.