मच्छरदाणीत कोण?

मराठीत डासाला आपण डासच म्हणतो. आमच्या मोहल्ल्यात ‘मच्छर चावला’ म्हणतात, पण मराठीच्या पेपरात मुलं ‘डास’ लिहितात. गंमत अशी की हाच डास जाळीपाशी आला की अस्सल मराठी घरातही मच्छर होतो. ‘डासदाणी’ कुणीच म्हणत नाही.

उर्दूच्या तासाला मी फारसी ‘दान’ प्रत्यय शिकवते. पानदान, पिकदाणी, अत्तरदाणी, फुलदाणी. ज्यात जी वस्तू ठेवायची, तिचं ते भांडं. दरवर्षी एखादा वात्रट पोरगा विचारतोच, ‘मॅडम, मच्छरदाणीत तर आपण झोपतो, मग आपण कोण?’ वर्ग हसतो, मीही हसते.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत माझा भाचा पुण्याहून आला तो हॅमॉक घेऊन. दोन झाडांना पट्टे बांधायचे आणि मध्ये पातळ नायलॉनची झोळी. मित्रांबरोबर सह्याद्रीच्या पायथ्याला दोन रात्री काढायच्या होत्या. म्हणाला, ‘खाला, जमिनीवर झोपायचंच नाही, मग विंचू-काट्याची भीती कसली?’

‘आणि डास?’

‘पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतो ना.’

मी त्याला त्याच्या लहान बहिणीची आठवण करून दिली. गेल्या वर्षी तिला डेंग्यू झाला. प्लेटलेट्स १८,००० वर आल्या, हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. त्या रात्री रक्तपेढीच्या बाकावर हाच बसला होता. रक्तदाते मिळाले ते आमच्या शाळेतले शिक्षक आणि शेजारच्या आळीतली पोरं. तिथे कुणी कुणाचं आडनाव विचारलं नाही. हे दुसरं ‘दान’, संस्कृतातलं. पोरगी वाचली, अल्लाहचे शुक्र.

तो गप्प झाला. मग आम्ही दोघांनी बसून जाळीचा विचार केला.

पलंगावर मच्छरदाणी गादीखाली खोचली की काम झालं, कारण खालून जाड गादी असते. हॅमॉकमध्ये तसं नाही. अंगाच्या वजनाने कापड ताणून पाठीला चिकटतं आणि डासाची सोंड त्या पातळ कापडातून सहज आत जाते. तिथे शर्टाचा उपयोग थोडाच. म्हणून वरून नुसती टाकलेली जाळी पुरत नाही. हॅमॉकला चारी बाजूंनी, खालूनसुद्धा वेढणारी, दोन्ही टोकांना नाडीने आवळता येणारी लांब जाळी हवी. ती खाली सैल लोंबली पाहिजे. पाठीला टेकली तर तिच्या छिद्रांतूनही डास चावतो. पाठीखाली जाड चटई घेतली तर थंडीही अडते. वरती एक दोरी ताणून तिच्यावर जाळी टांगायची, म्हणजे ती चेहऱ्यावर पडत नाही.

छिद्रांचंही गणित आहे. चांगल्या मच्छरदाणीत एका चौरस इंचात १५६ छिद्रं असतात. डासाला ती पुरेशी बारीक, पण वाळूमाशीसारखे इवले किडे त्यातून शिरतात. नदीकाठी, खाडीकाठी झोपायचं तर याहून बारीक विणीची जाळी लागते. आत शिरल्यावर चेन लगेच ओढायची आणि एकदा टॉर्च फिरवून कोपरे बघायचे. आत अडकलेला एक डास रात्रभर पुरतो.

भाच्याला वाटत होतं, जाळी फक्त रात्रीची. हिवतापाचा डास, ॲनॉफिलिस, रात्रीचा खरा. पण डेंग्यूचा एडिस दिवसा चावतो, सकाळी आणि सूर्य मावळायच्या आधी जास्त. हॅमॉकमध्ये माणूस दुपारीच जास्त लोळतो. म्हणजे जाळी दिवसाही लावायची. घरात दुपारी झोपणाऱ्या तान्ह्या बाळालाही हाच नियम.

आता त्या वात्रट पोराचा प्रश्न. १८९७ च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबादला रोनाल्ड रॉस या लष्करी डॉक्टरने हिवतापाच्या एका रोग्याला मच्छरदाणीत झोपवलं आणि डास मुद्दाम आत सोडले. रोग्याचं नाव हुसेन खान. रक्त प्यायलेल्या प्रत्येक डासामागे त्याला एक आणा मिळाला. २० ऑगस्टला त्यातल्याच एका डासाच्या पोटात रॉसला हिवतापाच्या जंतूची खूण दिसली. १९०२ मध्ये रॉसला नोबेल मिळालं. हुसेन खानचं नाव पाठ्यपुस्तकात मला तरी कधी भेटलं नाही. त्या दिवशी मात्र मच्छरदाणी शब्दशः मच्छरांची दाणी होती आणि आत एक गरीब माणूस पडून होता. मुलांना मी आता हे उत्तर देते. मग हसणं थांबतं आणि कुणीतरी विचारतं, ‘त्याचं पुढे काय झालं?’ ते मलाही सांगता येत नाही.

भाचा दोन दिवस उशिरा निघाला, कारण तशी जाळी मागवावी लागली. पार्सल उघडलं तर आत दोन जाळ्या. दुसरी साधी, पलंगाची. ती त्याने बहिणीच्या पलंगावर स्वतः बांधली. जाताना अंगणातला जुना टायर उलटा करून त्यातलं पाणीही ओतून गेला. ते मी सांगितलं नव्हतं.