मनीची अंघोळ

वडील गेले त्या पावसाळ्यात आमच्या राहुरीच्या घराच्या ओट्यावर भिजलेले मांजराचे पिल्लू आले. आईने ते पदरात घेतले, आणि मनी घरचीच झाली. आईचे वय 78. हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे, जोडीला मधुमेह. मनी देवघरापर्यंत हिंडते, म्हणून दर शनिवारी तिला न्हाऊ घालण्याचा आईचा नेम होता. नळाची धार, अंगाचा साबण आणि मानेवर घट्ट पकड! मनी ओरडे, आई रागावे आणि आम्ही बाहेर बसून हसत असू.

दोन वर्षांपूर्वी, ऐन पौषात, मनीने आईच्या अंगठ्याच्या मुळाशी दात रोवले. वरून पाहता दोन टिपके. मी दवाखान्यातून थकून आलो होतो; "आई, सकाळी बघू," म्हणालो. सकाळी हात मनगटापर्यंत सुजून लाल झाला होता. एखाद्या रुग्णाच्या मुलाने असे केले असते, तर मी त्याला चांगलेच सुनावले असते. मांजराचे दात सुईसारखे असतात. जखम वरून मिटते आणि जंतू आत खोल राहतात. अशी जखम तत्काळ साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. मनी बाहेर हिंडणारी, लस न दिलेली. त्यामुळे प्रतिजैविकांबरोबर आईला रेबीजचीही इंजेक्शने घ्यावी लागली.

बरी झाल्यावर आईने एका दुपारी विचारले, "अरे, हिला कुठे सोडून यायचे का?" विचारताना ती मनीकडे पाहत नव्हती. मी दवाखान्यात, सूनबाई शाळेत. दुपारभर आईशी बोलायला घरात दुसरे असते तरी कोण?

मग मी परिचयाच्या पशुवैद्यांना गाठले. मनीला लस टोचून घेतली. त्यांनी सांगितले की, निरोगी मांजराला सहसा अंघोळ लागतच नाही. खरखरीत जिभेने ते स्वतःचे अंग स्वच्छ करते. शनिवारचा नेम त्या दिवशी सुटला. आता आई मऊ ब्रशने तिचे केस विंचरते, आणि ते दोघींनाही आवडते.

अंगाला तेल किंवा घाण लागली, तरच अंघोळ. आदल्या दिवशी नखांची टोके कापायची. पाय घसरू नयेत म्हणून टबात जुना टॉवेल अंथरायचा, चार बोटे कोमट पाणी घ्यायचे आणि मानेखाली तांब्याने हळू ओतायचे. नळाचा आवाज नको. तोंड ओल्या फडक्याने पुसायचे. शाम्पू मांजराचाच हवा. फिनेल किंवा जंतुनाशक द्रव पाण्यात मुळीच घालू नये, कारण मांजराच्या यकृताला ते पचवता येत नाही. कुत्र्यांच्या गोचिडांच्या काही औषधांत परमेथ्रिन असते. ते तर मांजराच्या जिवावर बेतते. आणि ओल्या मोरीत वृद्धांनी मांजर धरून उभे राहू नये. खुब्याचे हाड मोडलेले रुग्ण मी पुष्कळ पाहिले आहेत.

गेल्या दिवाळीत मनी कुठूनशी काळे वंगण माखून आली. मुलाने पाणी ओतले. आई दाराबाहेर खुर्चीवर कोरडा पंचा घेऊन बसली होती. मनी ओरडली, पण दात लावले नाहीत. नंतर उन्हात बसून तासभर अंग चाटत राहिली. आई म्हणाली, "बघ, तुमची अंघोळ तिला काही पटलेली नाही."