बिडाचं इंजिन

पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आलं आणि एरवी ‘लोखंड आहे लोखंड, काय होतंय तिला’ म्हणणारे जुने बुलेटवाले जरा गप्प झाले. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, जुन्या रबरी नळ्यांना सोसत नाही, टाकीला आतून गंज धरतो. तसा हा लोखंडाचा अभिमान मला कधीच पटलेला नाही. 346 सीसीचं ते बिडाचं इंजिन तेल गाळतं, त्याच्या थरथरीने नटबोल्ट सैल होतात, लांबलचक घाट उतरताना ड्रमब्रेक तापून धरेनासे होतात. ही गाडी टिकली ती भक्कम म्हणून नव्हे, उघडता येते म्हणून.

अ‍ॅमीटरचा काटाच घ्या. चावी फिरवून किक हळूहळू दाबत न्यावी. इग्निशनचे पॉइंट मिटलेले असले की काटा झुकतो, उघडले की मध्यावर येतो. पिस्टन दाबाच्या टोकाशी आला, हे त्या काट्यावरून कळतं. मग डिकॉम्प्रेसर ओढून पिस्टन किंचित पुढे सरकवायचा आणि किक मारायची. टॅपेटचंही तसंच. इंजिन थंड असताना झाकण काढावं. पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण खालीवर हलता कामा नये. मोजपट्टीसुद्धा लागत नाही. इंग्लंडमधल्या रेडिचचा मूळ कारखाना बंद होऊन अर्धशतक उलटलं, तरी 1955 पासून मद्रासला जुळू लागलेली ही गाडी त्याच घडणीत पुढची अनेक दशकं निघत राहिली. म्हणून कुठल्याही तालुक्याच्या मिस्त्रीचा हात तिच्यावर बसला.

यावर कुणी म्हणेल, नवी गाडी मुळात बिघडतेच कमी. खरं आहे, आणि रोज ऑफिसला जायचं तर नवीच घ्यावी. पण लांबच्या प्रवासात बिघाड किती वेळा होतो याइतकंच तो कुठे होतो आणि कोणाला दुरुस्त करता येतो, हेही मोजावं लागतं. सेन्सर गेला तर स्पितीतल्या मिस्त्रीने काय करायचं? धुराचा आक्षेप मात्र खोडता येत नाही. तिथे कमी चालवणं एवढंच उत्तर, आणि ते अपुरं आहे. इथेनॉलचं तसं नाही. नळ्या बदलता येतात, जेट एक नंबर मोठा बसवता येतो, गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर कार्बोरेटरची वाटी रिकामी करून ठेवता येते. इथेनॉल देणाऱ्या आपल्याच उसाने हे काम वाढवलं, पण तेही पान्यानेच होतं.