बहात्तरचा दुष्काळ : काम, मजुरी आणि सुकडी

महाराष्ट्रातील १९७२-७३ चा दुष्काळ एका वर्षाच्या अवर्षणातून उद्भवलेला नव्हता. त्याआधीच्या दोन हंगामांतही पाऊस अपुरा पडल्याने कोरडवाहू पट्ट्यातील कणग्या आणि पेवे अगोदरच तळाला गेली होती, आणि तिसऱ्या वर्षी राज्याचे धान्योत्पादन जवळपास निम्म्यावर आले तेव्हा अल्पभूधारक कुटुंबांकडे तग धरण्यासाठी मागील वर्षाचे काहीही उरलेले नव्हते. सोळा आणे पीक पूर्ण मानून गावातील उत्पन्नाचा अंदाज बांधण्याच्या पद्धतीला आणेवारी म्हणत. ती ठरावीक मर्यादेच्या खाली गेली की टंचाई जाहीर होई आणि दुष्काळी कामे उघडत. मागेल त्याला कष्टाचे काम आणि कामाच्या मापाने मजुरी हे या कामांचे सूत्र ब्रिटिश काळातील दुष्काळसंहितांपासून चालत आले होते, परंतु १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे पन्नास लाख माणसे एकाच वेळी अशा कामांवर होती, हा विस्तार मात्र अभूतपूर्व होता. एवढ्या तीव्र टंचाईतही मोठ्या प्रमाणावर भूकबळी गेले नाहीत, याचे श्रेय ज्याँ ड्रेझ यांच्यासारखे अर्थतज्ज्ञ या कामांना देतात आणि ते योग्यच आहे. तथापि माणसे जगली या नोंदीत ती कशी जगली हे येत नाही.

प्रस्तुत लेखिकेचे गाव बीड जिल्ह्यातील, बालाघाटाच्या कोरडवाहू भागातील. त्या वेळी ती शाळकरी वयाची होती आणि गावातील बहुतेक मुलांप्रमाणे आईबरोबर खडीच्या कामावर जात असे. फोडलेल्या खडीचे माप ब्रासने, म्हणजे शंभर घनफुटांच्या हिशेबाने घेतले जाई, त्यामुळे दगड कठीण निघाला किंवा अंगात ताप असला की दिवस भरूनही मजुरी कमी पडे. आणि जी ठरे तीही मोजणी, हजेरीपट व वाटप अशा टप्प्यांतून जात बरेच दिवस उशिरा हाती येई. भूक मात्र रोजची होती. काम मिळणे आणि धान्य घरात येणे यांमधल्या या दिवसांत दुकानदाराची उधारी चाले, आणि ज्याची पत संपली त्याच्या घरी चूल दिवसातून एकदाच पेटे.

हे अंतर काही प्रमाणात भरून काढले ते सुकडीने. सुकडी म्हणजे भाजलेल्या धान्याच्या पिठाचा गोडसर, कोरडा पूरक आहार. तो कामाच्या जागीच वाटला जाई. मजुरीच्या रकमेपुढे तिची किंमत अल्प होती, परंतु ती त्याच दिवशी, तयार स्वरूपात हाती पडत असे. तिच्यासाठी सरपण लागत नसे, दळण लागत नसे, उधारी मागावी लागत नसे. लेखिकेच्या पिढीला त्या दुष्काळातील सर्वाधिक स्पष्ट आठवते ती हीच चव, आणि ज्यांनी शासकीय अहवालांत सुकडीची नोंद केवळ पूरक बाब म्हणून केली त्यांना तिचे खरे स्थान कळले नव्हते, असे म्हणावेसे वाटते. कामावरच्या बाया मात्र आपला वाटा क्वचितच पूर्ण खात. लेखिकेची आई दोन घास तोंडात टाकून उरलेली सुकडी पदराच्या गाठीत बांधून घरी नेई, कारण घरी डोळे गेलेली वृद्ध आत्या होती. जिने दिवसभर घण चालवला तिचेच पोट सर्वांत शेवटी भरे, ही घराघरातील रीत कामाच्या नियमांनी बदलली नाही.

स्वस्त धान्य दुकानांतून मिळणारी अमेरिकेची लाल ज्वारी, जिला सर्वत्र ‘मिलो’ म्हणत, तिच्याबद्दल लोकांचा राग मोठा होता. तिची भाकरी थापताना चिरे, चवीला तुरट लागे, आणि शाळूवर वाढलेल्या माणसांना ती गुरांचे खाद्य वाटे. तरीही तीच रांगेत उभे राहून आणली गेली.

आत्यासारख्या, काम करू न शकणाऱ्या माणसांचा प्रश्न निराळा होता. अशांना थेट मदत देण्याची तरतूद दुष्काळसंहितेत होती, परंतु मदतीचा मुख्य ओघ कामाच्या वाटेनेच येत असल्याने वृद्ध आणि आजारी माणसांचे अन्न दुसऱ्याच्या मजुरीतून कापले जाई, आणि याची बोच त्यांना उपासाहून अधिक लागे.

१९७३ च्या पावसाने टंचाई संपली, असे सामान्यतः लिहिले जाते. पाऊस पडताच खडीची व मातीची कामे आटोपू लागली आणि माणसे पेरणीला परतली. पण पेरलेली बाजरी घरात येण्यास आश्विन उजाडावा लागतो, आणि तोवर घरात ना धान्य होते, ना मजुरी, ना सुकडी. त्या महिन्यांत बांधावरची तांदुळजा आणि तरोट्याची भाजी, पुढे मुगाच्या पहिल्या शेंगा, आणि पुढच्या पिकावर काढलेले कर्ज यांवर घरे चालली. या अनुभवातून आणि वि. स. पागे यांच्या आग्रहातून रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला व कामाचा हक्क वर्षभराचा झाला. तथापि भर पावसाळ्यात काळ्या मातीत खोदकाम होत नाही आणि स्वतःचे शेत सोडून शेतकरी दुसरीकडे राबू शकत नाही, म्हणून पेरणी ते सुगी या काळापुरता तरी आधार मजुरीचा नव्हे, तर थेट धान्याचा असणे आवश्यक होते.