रडलं, रडू दिलं, रडवलं

अंगणवाडीताईंच्या प्रमाणपत्राच्या फाइलीत जोडायचं चिंतनटिपण नेहमी एकाच जागी अडतं, आणि ती जागा बालमानसशास्त्राची नसते, व्याकरणाची असते. सकाळी आई दारात हात सोडवून निघून जाते आणि मागे मूल भोकाड पसरतं. आता लिहायचं काय? ‘मूल रडलं’ म्हटलं तर ते रडणं पावसाच्या सरीसारखं झालं; आली, गेली, कुणाचा काय संबंध. ‘मी त्याला रडू दिलं’ म्हटलं की त्यात निर्णय येतो: ताई जवळच होत्या, थांबवू शकत होत्या, पण काही विचार करून त्यांनी थांबवलं नाही. ‘मी त्याला रडवलं’ लिहायला तर छाती लागते, कारण आईला दाराशी घटकाभर टेकू न देण्याची घाई कुणाची होती हे तिथं कबूल करावं लागतं. भावे प्रयोग शिकवताना सांगतात की त्यात क्रियापद कर्त्याच्या मागे जात नाही नि कर्माच्याही मागे जात नाही. मुलगा असो, मुलगी असो, ‘रडू दिलं’ ते ‘रडू दिलं’च. चिंतनाला याहून नेमका साचा मला माहीत नाही: दोघं समोरासमोर उभी आहेत आणि क्रिया कुणाचीच बाजू घेत नाही. भाषेनं एवढं हाताशी ठेवलेलं असताना फाइलीत उतरतं ते चौथंच वाक्य: ‘मुलास शांत करण्यात आले.’

हे ‘करण्यात आले’ ताईंचं नाही, नोंदवहीचं आहे. आहार वाटण्यात आला, वजने घेण्यात आली, गृहभेटी देण्यात आल्या. तिथं ते शोभतंही. वजन कुणी घेतलं यावरून मुलाचे ग्रॅम बदलत नाहीत. २०२१ पासून हीच माहिती पोषण ट्रॅकरवरही भरावी लागते, आणि मोबाइलच्या चौकटीत तर कर्त्याला जागाच नाही. अशा लिखाणात वर्षं गेलेल्या हाताला नव्या शैक्षणिक धोरणानं २०२० मध्ये एकदम वेगळं काम सांगितलं: बारावी किंवा त्यापुढं शिकलेल्या सेविकांना बालशिक्षणाचा सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, त्याहून कमी शिकलेल्यांना वर्षाचा पदविका अभ्यासक्रम. अभ्यासक्रम आला की प्रात्यक्षिक आलं, प्रात्यक्षिकामागून ‘तुम्हाला काय वाटलं ते लिहा’ आलं. विचारणारा बदलला, पेन तेच राहिलं. हा दोष मराठीचाच आहे असंही नाही. अमेरिकेत पाळणाघरात शिकवणाऱ्या आपल्या कितीतरी मुली-सुना सीडीए नावाचं प्रमाणपत्र घेतात. १२० तासांचं प्रशिक्षण, ४८० तासांचं काम आणि सहा क्षमतांवर सहा चिंतनपर निवेदनं. तिथल्या निवेदनांना उलटा आजार असतो. प्रत्येक वाक्यात ‘मी’ असतो: मला मुलं आवडतात, मी सुरक्षित वातावरण देते, मी प्रत्येक मुलाचा आदर करते. ‘मी’ भरपूर, पण त्या ‘मी’नं अमुक वारी अमुक मुलाच्या बाबतीत काय केलं, ते नाहीच. कर्ता गाळणं आणि कर्त्याला नुसतं मिरवणं, दोन्हींचा परिणाम एकच: मूल वाक्याबाहेर राहतं.

कर्त्यावर एवढं अडून बसावं का, तर हो, कारण उपाय कुठं शोधायचा हे कर्ताच ठरवतो. आमच्या जिल्ह्यातलं सगळ्यात जास्त लिहिलं जाणारं वाक्य घ्या: ‘मूल बोलत नाही.’ कन्नड-सोयगावकडच्या तांड्यावरचं मूल घरी गोरमाटी बोलतं, शहराच्या जुन्या मोहल्ल्यांत दखनी चालते, वाळूजच्या कारखान्यांमागच्या खोल्यांत हिंदी आणि भोजपुरी. वाक्याचा कर्ता मूल आहे, तेव्हा दोषही मुलात सापडतो: लाजाळू, मंद, घरी लक्ष नाही. तेच वाक्य ‘मी त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलले नाही’ असं फिरवलं की उपाय दुसऱ्या दिवशी सकाळी हाताशी येतो. गोरमाटीत आईला ‘याडी’ म्हणतात, एवढा एक शब्द ताईंच्या तोंडी आला तरी मूल मान वर करून बघतं. जॉन ड्यूईनं १९१० मध्ये लिहून ठेवलं की विचार सुरू होतो तो अडखळण्यातून, संभ्रमातून. आपल्या टिपणांतून नेमकं अडखळणंच पुसलेलं असतं. उपक्रम घेतला, मुलांना आनंद झाला, उद्दिष्ट साध्य झालं. ज्यात कुणी अडखळलंच नाही, त्यात विचार कुठून यायचा?

यावर पहिला आक्षेप पोटाचा आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सेविका मानधनावर काम करते. ग्रॅच्युइटीवर तिचा हक्क आहे हेसुद्धा सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये सांगावं लागलं. अशा बाईनं ‘मी मुलाला रडवलं’ असं सही करून लिहावं आणि तो कागद तपासायला त्याच हातात जावा ज्या हातात तिचा शेरा आहे, हे शहाणपणाचं नाही. मला हे मान्य आहे. नोकरीची फाइल आणि चिंतनाची वही एकाच कपाटात ठेवून प्रामाणिकपणा मागणं हा आपला कोडगेपणा आहे. पण ‘रडू दिलं’ ही कबुली नव्हे, निर्णय आहे. निर्णयाची कारणं सांगता येतात, त्यासाठी भांडताही येतं. ‘शांत करण्यात आले’ म्हणणारीला बचाव नसतो, कारण तिनं काही केलेलंच नसतं. कर्ता लपवल्यानं दोषाबरोबर कामाचं श्रेयही जातं, आणि मानधनावरच्या बाईला ते परवडणारं नाही.

दुसरा आक्षेप जास्त कावेबाज आहे: ‘मी चुकले’ हेही पाठ करता येतं. खरं आहे. ग्रॅहम गिब्ज यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या चक्राचे सहा टप्पे (वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष, कृती) आता झेरॉक्सच्या नमुना टिपणांत मोदकाच्या साच्यासारखे वापरले जातात. दुसऱ्या टप्प्यावर थोडं वाईट वाटून घ्यायचं, सहाव्यावर सुधारायचं. साचा भित्र्या हाताला आधार देतो हे कबूल, पण सारण ज्याचं त्यानं भरायचं असतं. खरी चूक ओळखायची कशी? गिजुभाई बधेका यांचं ‘दिवास्वप्न’ (१९३२) आठवा. शिक्षक काल्पनिक आहे, तरी त्याच्या शांततेच्या खेळाचा पहिल्याच दिवशी उडालेला फज्जा खरा वाटतो, कारण त्यात शिक्षकाच्या खंतीपेक्षा मुलांचा गोंगाट जास्त ऐकू येतो. भावनगरला त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडकांनी आणि पुढं कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांनी बालशिक्षणाची जी रीत रुजवली, ती आधी पाहण्याची होती. नाटकी कबुलीत लेखिका दिसते, खऱ्या कबुलीत मूल दिसतं. एवढी एक कसोटी मला पुरते.

आता माझ्याविषयी. इतरांची टिपणं तपासणं हे माझं काम, आणि ती नुसती तपासण्यावर माझं कधीच भागत नाही. ‘लेकरू लई रडलं, मला बी कसंतरी झालं’ या ओळीवर माझं लाल पेन थबकत नाही. तिचं ‘बालकाच्या अस्वस्थतेने मीही अंतर्मुख झाले’ करून मोकळं होतं. त्या वेळी होणारा आनंद शिक्षिकेचा नसतो, छापून न आलेल्या लेखिकेचा असतो. दुसऱ्याच्या फाइलीतली आपली वाक्यं ओळखून परीक्षकानं मान डोलवावी, ही इच्छा मी लपवणार नाही. हल्ली मोबाइल मिनिटात असं टिपण तयार करून देतो, आणि त्यावर नाक मुरडताना माझी पंचाईत होते, कारण ते मी दुरुस्त केलेल्या टिपणांसारखंच दिसतं: तसंच अंतर्मुख, तसंच गुळगुळीत, तसंच मुलाविना. ‘कसंतरी झालं’ या दोन शब्दांत जे अडखळणं होतं, ते त्या यंत्राला सुचलं नसतं आणि मला सहन झालं नाही. म्हणून अंगणवाडीताईंची भाषा खराब झाली आहे, अशी तक्रार आता माझ्या तोंडी शोभत नाही. टिपण बिघडलं, मी बिघडू दिलं, मी बिघडवलं. यांतलं पहिलं वाक्य मी आजवर पुष्कळदा उच्चारलं, दुसरं क्वचित, आणि तिसरं आज लिहिते आहे.